गाडीला मोठी चाकं टाकायचीत? मग टायरच्या अंगावरचे हे आकडे आधी वाचा

शिराळ्याहून पेठ नाक्याकडे निघालात की अर्ध्या तासाच्या आत पुणे-बंगळूर महामार्ग लागतो. उलट दिशेला कोकरूडवरून मलकापूर आणि पुढं आंबा घाट उतरून रत्नागिरी. आरळा, मणदूरच्या बाजूला गेलात तर चांदोलीचं जंगल. आणि गुढे-पाचगणीच्या पठारावर जायचं तर चढ आणि वळणं.

म्हणजे एकाच तालुक्यातली एकच गाडी सकाळी महामार्गावर शंभरच्या वेगानं पळते, दुपारी उसाच्या ट्रॉलीमागून सावकाश चालते आणि संध्याकाळी पावसात खड्डे चुकवत घाट चढते. या सगळ्यात गाडी आणि रस्ता एकमेकांना चिकटतात ते फक्त चार ठिकाणी. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग.

आता समजा, याच तालुक्यातल्या एखाद्या घरात स्विफ्टचं बेस मॉडेल आहे. गाडी चांगली आहे, पण १४ इंचाची लोखंडी चाकं डोळ्यात भरत नाहीत. इन्स्टाग्रामवर तीच गाडी १६ किंवा १७ इंचाच्या मॅगव्हीलवर उभी दिसते. टायर तसेही घासलेत, बदलायचेच आहेत. मग चाकंपण मोठीच टाकू, असा विचार होतो.

त्यात टायर थोडे स्वस्तही झालेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गाड्यांच्या सुट्या भागांवरही सरसकट १८ टक्के कर झाला. कर सोडून ५,००० रुपयांचा टायर आधी ६,४०० ला पडायचा, तो आता ५,९०० ला पडतो. चार टायरमागे २,००० रुपये वाचले. हे पैसे मोठ्या चाकांत घालावेत, असं कुणालाही वाटेल.

पण दुकानदार विचारतो, "साईज कुठली टाकू?" आणि इथं बहुतेक जण उत्तर देतात, "बसेल ती टाका."

खरा विषय इथून सुरू होतो. कारण रिमवर बसणारा प्रत्येक टायर त्या गाडीला चालतोच असं नाही.

टायरवर लिहिलेलं असतं तरी काय?

टायरच्या बाजूला काही आकडे असतात. उदाहरणार्थ १८५/६५ आर१५ ८८एच. एकेक करून बघू.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.

६५ म्हणजे टक्के. रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साईडवॉलची उंची. हा आकडा मिलिमीटर नाही, टक्केवारी आहे, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. १८५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिलिमीटर.

आर म्हणजे रेडियल. टायरच्या आतले धागे कसे विणलेत त्याचा हा प्रकार. आजच्या जवळपास सगळ्या कार रेडियलवरच चालतात.

१५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचात, हा घोळ जगभर असाच चालत आलाय.

८८ म्हणजे भार किती पेलणार त्याचा कोड. ८८ म्हणजे एका टायरमागे ५६० किलो.

एच म्हणजे वेगाची मर्यादा. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०.

दुकानात आपण बहुतेक वेळा पहिले तीन आकडे बघतो. शेवटचे दोन बघतच नाही. आणि मोठं चाक टाकताना फसवणारे आकडे नेमके तेच असतात.

रिम मोठी झाली की टायरचं काय करायचं?

नियम सोपा आहे. रिम मोठी झाली तर टायरची भिंत तेवढी बुटकी झाली पाहिजे. म्हणजे रिम आणि टायर मिळून चाकाचा एकूण व्यास जवळपास आधी होता तेवढाच राहतो.

एकूण व्यास काढायचा कसा? साईडवॉलची उंची दुप्पट करायची, कारण ती वरही असते आणि खालीही. मग रिमचे इंच गुणिले २५.४ करून त्यात मिळवायचे. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतं.

स्विफ्टचंच उदाहरण घेऊ. बेस मॉडेलला कंपनी १६५/८० आर१४ टायर देते. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२. दुप्पट २६४. रिमचे १४ इंच म्हणजे ३५५.६. एकूण ६१९.६ मिलिमीटर.

याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर१५ देते. तेच गणित केलं तर उत्तर येतं ६२१.५ मिलिमीटर.

फरक दोन मिलिमीटरचासुद्धा नाही. रिम एक इंचानं वाढली, टायर रुंद झाला, पण चाक बाहेरून आहे तेवढंच राहिलं. महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० मध्येही हेच दिसतं. २३५/६५ आर१७ चा व्यास ७३७.३ मिलिमीटर आणि २३५/६० आर१८ चा ७३९.२. म्हणजे कंपन्या स्वतः चाक मोठं करतात तेव्हाही साईडवॉल कमी करून हिशेब जुळवतात.

आता १६५/८० आर१४ च्या तुलनेत इतर साईज कशा पडतात ते बघा.

- १८५/६५ आर१५ : ६२१.५ मिमी, फरक +०.३ टक्के
- १९५/५५ आर१६ : ६२०.९ मिमी, फरक +०.२ टक्के
- २०५/४५ आर१७ : ६१६.३ मिमी, फरक -०.५ टक्के
- २०५/६० आर१६ : ६५२.४ मिमी, फरक +५.३ टक्के

पहिल्या तीन साईजचं गणित जुळतं. चौथी साईज मात्र मोठ्या गाडीची आहे. १६ इंची रिमवर ती बसेल, दुकानात सहज मिळेलही, पण चाक तब्बल ३३ मिलिमीटरनं मोठं होईल. या धंद्यातला ढोबळ नियम असा की, एकूण व्यासातला फरक दोन ते तीन टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे.

पाच टक्क्यांनी काय बिघडतं?

गाडीला स्वतःचा वेग थेट कळत नाही. चाक किती वेळा फिरलं हे मोजून ती वेग ठरवते. मूळ टायर एक किलोमीटरमध्ये साधारण ५१४ फेरे घेतो. ६५२ मिलिमीटरचं चाक तेवढ्याच अंतरात ४८८ फेरे घेतं. गाडीला वाटतं आपण हळू चाललोय.

काटा ८० दाखवतो तेव्हा हिशेबानं गाडी ८४ च्या वेगात असते. कंपन्या मीटर मुळातच किंचित जास्त वेग दाखवेल असा ठेवतात, त्यामुळं छोटा फरक त्यातच जिरून जातो. पाच टक्के मात्र जिरत नाहीत. स्पीड कॅमेऱ्याचं चलन आल्यावर "मीटर तर बरोबर होतं" हे सांगून उपयोग नसतो.

किलोमीटरचंही तेच. मीटरवर १०,००० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी खरं तर १०,५०० च्या पुढं गेलेली असते. सर्व्हिसिंग उशिरा होतं. आणि मायलेज कमी झालं असं वाटतं, त्यातला थोडा भाग निव्वळ या चुकीच्या मोजणीचा असतो.

बाकीचा भाग खरा असतो. मोठं आणि जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. उचल मंदावते. चढावर गिअर लवकर खाली घ्यावा लागतो. ब्रेकलाही जास्त काम पडतं, कारण तेच जड चाक त्याला थांबवायचं असतं.

शिवाय मोठं चाक मडगार्डला घासतं. दुकानासमोर रिकामी गाडी उभी असताना हे कळत नाही. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं आणि खाली खड्डा, असं सगळं एकत्र आलं की टायर आतल्या प्लास्टिकला किंवा पत्र्याला लागतो. सतत घासून टायरची भिंत कापली जाऊ शकते.

मग गणित जुळणारी १७ इंची साईज टाकली तर?

इथं दुसरा प्रश्न येतो, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. व्यास जुळला, पण टायर वजन पेलणार का?

बेस मॉडेलच्या १६५/८० आर१४ वर साधारणपणे ८५ हा भाराचा कोड असतो, म्हणजे एका टायरमागे ५१५ किलो. १८५/६५ आर१५ वर ८८ असतो, म्हणजे ५६० किलो. १९५/५५ आर१६ च्या साध्या टायरवर ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. आणि २०५/४५ आर१७ च्या साध्या टायरवर ८४, म्हणजे ५०० किलो.

म्हणजे टायर रुंद झाला, दिसायला दणकट झाला, पण त्याची ताकद मात्र कमी झाली.

कारण सोपं आहे. गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. साईडवॉल बुटकी झाली की आत हवेला जागा कमी उरते. यावर उपाय म्हणून जास्त ताकदीचे टायर मिळतात, त्यांच्यावर एक्स्ट्रा लोड किंवा एक्सएल असं लिहिलेलं असतं. २०५/४५ आर१७ चा एक्सएल टायर घेतला तर कोड ८८ पर्यंत जातो. पण ती ताकद मिळवण्यासाठी त्यात हवाही जास्त भरावी लागते. जुन्या सवयीनं "तीस-तीस भर" म्हणून चालत नाही.

नियम एवढाच लक्षात ठेवायचा की, नव्या टायरचा भाराचा आणि वेगाचा कोड जुन्यापेक्षा कमी नको. जास्त असला तर चालतो.

एकट्यानं गाडी चालवणाऱ्याला हा फरक कदाचित कधी जाणवणारही नाही. पण लग्नाला निघालेलं पाच जणांचं कुटुंब, डिकीत बॅगा, मे महिन्याचं ऊन आणि महामार्गावरचा वेग एकत्र आला की टायर तापतो. कमी हवा, जास्त भार आणि जास्त वेग या तिन्हींमुळं टायरमधली उष्णता वाढते, आणि टायर फुटण्यामागं बहुतेकदा हीच उष्णता असते. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर परिवहन विभागानं २०२३ मध्ये तिथं गाड्यांच्या टायरची तपासणी सुरू केली, ती याच काळजीपोटी.

खड्डे, पाऊस आणि बुटके टायर

१६५/८० आर१४ टायरमध्ये रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३२ मिलिमीटरची उशी असते. १८५/६५ आर१५ मध्ये १२०. १९५/५५ आर१६ मध्ये १०७. २०५/४५ आर१७ मध्ये ९२.

१४ वरून १७ वर गेलात तर चार सेंटिमीटर उशी गेली. गुळगुळीत रस्त्यावर याचा फायदा होतो. टायर कमी लवचिक असल्यामुळं गाडी वळणावर पक्की वाटते, स्टेअरिंग लगेच प्रतिसाद देतं.

पण पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरलेला असतो, तो किती खोल आहे ते गाडी त्यात गेल्यावरच कळतं. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणामुळं महामार्गावर जिथं वळणरस्ते आहेत, तिथं अचानक उंचवटे आणि कडा येतात. अशा वेळी बुटका टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटला जातो. आतले धागे तुटतात आणि टायरच्या बाजूला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. मॅगव्हीलला तडा गेला तर त्याचा खर्च वेगळा.

पावसाचा आणखी एक मुद्दा. रुंद टायरची कोरड्या रस्त्यावर पकड चांगली असते. मात्र साचलेल्या पाण्यावर रुंद टायरला खालचं पाणी बाजूला ढकलायला जास्त कष्ट पडतात. नक्षी झिजलेली असेल तर टायर पाण्यावर तरंगतो आणि त्या क्षणी स्टेअरिंग, ब्रेक काहीच काम करत नाही. तालुक्याच्या पश्चिमेला, चांदोलीकडं जसा पाऊस कोसळतो ते बघता, साईजपेक्षा टायरची नक्षी शाबूत असणं जास्त गरजेचं आहे. कायद्यानं कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असायला हवी. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला असं समजायचं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये, असं हे कलम सांगतं.

केरळमधून आलेल्या आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ रोजी निकाल दिला. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठानं उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ बदललं. नियमात न बसणारा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग टायर बदलला की गुन्हा झाला का? तसं नाही. कलम ५२ च्याच स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळं तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, असं म्हटलंय. झिजलेल्या टायरच्या जागी योग्य टायर टाकणं हे त्यात येत नाही. पण मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं, उचललेली गाडी, मूळ साईजशी काहीही संबंध नसलेले टायर, अशा वेळी रस्त्यावर थांबवलं तर बाजू मांडणं अवघड जातं.

सगळ्यात सुरक्षित जागा कोणती? तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जी साईज देते ती. ती साईज त्या गाडीवर तपासून, मंजूर होऊनच बाजारात आलेली असते. बेस स्विफ्टवाल्यासाठी १५ इंच हे उत्तर तयारच आहे.

त्यापुढं जायचं असेल तर विमा कंपनीला बदल आधी लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेयरच्या नजरेस आला तर क्लेमवर वाद होऊ शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शन आणि बेअरिंगच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो.

रिम घेताना काय बघायचं?

टायरची साईज जुळली तरी रिम चुकीची असू शकते. इथं चार गोष्टी बघायच्या.

पहिली, पीसीडी. म्हणजे नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. स्विफ्टला ४x१०० लागतं, क्रेटाला ५x११४.३. इथं 'जवळपास' चालत नाही.

दुसरी, मधलं भोक. ते हबवर नीट बसलं पाहिजे. सैल असेल तर मध्ये रिंग टाकावी लागते, नाहीतर वेगात स्टेअरिंग थरथरतं.

तिसरी, ऑफसेट. चाक किती आत किंवा बाहेर बसणार हे यावरून ठरतं. चाक जास्त बाहेर आलं की बेअरिंगवर ताण येतो, जास्त आत गेलं की सस्पेन्शनला घासतं.

चौथी, रिमची रुंदी. १९५/५५ आर१६ टायर साडेपाच ते सात इंच रुंदीच्या रिमवर बसवायचा असतो. त्याहून रुंद रिमवर टायर ताणून बसवण्याची फॅशन आहे. फोटोत ते छान दिसतं, पण खड्ड्यात असा टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो.

टायर आणि रिम दोन्हींवर आयएसआय मार्क आहे का बघा. टायरवर चार आकड्यांची तारीखही असते. ३२२५ म्हणजे २०२५ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर. ऑफरमध्ये स्वस्त मिळणारा टायर तीन-चार वर्षं गोदामात पडून होता का, हे त्यावरून लगेच कळतं.

आणि स्टेपनी?

हा प्रश्न सगळे विसरतात. चार चाकं १६ ची झाली, डिकीत स्टेपनी १४ चीच राहिली. एकूण व्यास जुळत असेल तर पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू जाता येतं. व्यास जुळत नसेल तर एक चाक वेगळ्या गतीनं फिरतं आणि एबीएसचा सेन्सर गोंधळू शकतो. मॅगव्हीलचे नट वेगळे असतील तर लोखंडी स्टेपनीचे नटही गाडीत ठेवावे लागतात. नाहीतर रात्री अकरा वाजता आंबा घाटात जॅक लावल्यावर कळतं की नट बसतच नाहीत.

२०२० च्या दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असलेल्या गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. पण साईडवॉल कापली गेली तर किट काही करू शकत नाही.

मग करायचं काय?

दुकानात जाण्याआधी ड्रायव्हरच्या दरवाजाजवळचं स्टिकर बघा. त्यावर कंपनीनं दिलेली टायरची साईज आणि हवेचा दाब असतो. त्याचा मोबाईलवर फोटो काढा. आणि पैसे देण्याआधी पाच प्रश्न विचारा.

१. नव्या टायरचा एकूण व्यास मूळच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत आहे का?
२. भाराचा आणि वेगाचा कोड मूळपेक्षा कमी तर नाही ना?
३. पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट आणि रिमची रुंदी जुळते का?
४. गाडीत माणसं भरून, स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितलं तर कुठं घासतंय का?
५. नव्या साईजला हवा किती भरायची?

पाचव्या प्रश्नावर दुकानदार नुसताच "भरतो की" म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.

१४ वरून १५ वर जाणं हा बेस मॉडेलवाल्यासाठी समजूतदार बदल आहे. पकड वाढते, गाडी उठून दिसते आणि रस्त्याच्या मारातही फार फरक पडत नाही. १६ वर जायचं तर भाराचा कोड बघून जावं. शिराळ्यासारख्या भागात, जिथं एकाच दिवशी महामार्ग, घाट आणि चिखल असं सगळं येतं, तिथं छोट्या गाडीला १७ इंच टाकताना मिळणारं बरंचसं दिसण्यापुरतंच आहे.

आणि बजेट तेवढंच असेल, तर जीएसटीत वाचलेले २,००० रुपये मोठ्या रिममध्ये घालण्याऐवजी मूळ साईजचाच एक दर्जा वरचा टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग यात घालता येतील. फोटोत फरक दिसणार नाही. पण पावसात पेठ नाक्याच्या उतारावर पुढच्या ट्रॉलीचा दिवा बंद असेल आणि ब्रेक दाबावा लागेल, तेव्हा तो फरक कळेल.